वादळाला नाव मिळण्यापूर्वी

अटलांटिक महासागरातील हरिकेनचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चक्रीवादळांचा, हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्यामुळे फ्लोरिडात राहणाऱ्या माणसाचे अर्धे वर्ष आकाशाकडे, आणि त्याहूनही अधिक नकाशाकडे पाहण्यात जाते. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा पुढील सात दिवसांचा नकाशा दिवसातून चार वेळा नवा होतो. त्यावर पिवळा पट्टा दिसला तर तिथे वादळ तयार होण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी असते, पट्टा नारिंगी झाला तर ती ६० टक्क्यांपर्यंत जाते आणि तांबडा झाला म्हणजे वादळ होणार असे धरून चालावे लागते. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या पिवळ्या पट्ट्याला इथवर यायला आठवड्याहून अधिक काळ लागतो आणि त्यांपैकी बहुतेक वाटेतच विरून जातात, हे ठाऊक असूनही ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सकाळी उठल्याबरोबर तोच नकाशा उघडणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसे फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील टॅम्पा परिसरात आहेत.

ही काळजी अनाठायी आहे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र गेल्या काही हंगामांत आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचे जे हाल मी पाहिले, त्यांतले बरेचसे वादळामुळे झाले नव्हते. निर्णय कधी घ्यायचा आणि कशाच्या आधारावर घ्यायचा, हे घरात आधी ठरलेले नव्हते, म्हणून ते झाले होते. वादळाला नाव मिळाले, दूरचित्रवाणीवर त्याचे चित्र फिरू लागले, की विचार करण्याची उसंत संपते. त्या आठवड्यात फक्त आधी ठरलेले अमलात आणता येते. म्हणून हा लेख मी हंगामाच्या तोंडावर लिहीत आहे.

आधी आमच्या या खाडीविषयी सांगायला हवे. टॅम्पा बे ही मोठी पण अतिशय उथळ खाडी आहे. तिची सरासरी खोली जेमतेम बारा फूट भरते आणि बाहेर मेक्सिकोच्या आखाताचा तळही किनाऱ्यापासून फार दूरपर्यंत उथळच आहे. वादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलतो तेव्हा खोल समुद्रात ते पाणी खालून मागे फिरू शकते. उथळ समुद्रात त्याला ती वाट नसते, म्हणून ते चढत जाते आणि वस्तीत शिरते. इथे त्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. त्सुनामीसारखी एकच उंच लाट धावून येत नाही. समुद्राची पातळीच काही तासांत पाच, दहा, पंधरा फुटांनी वर येते आणि तिच्यावर पुन्हा वाऱ्याच्या लाटा असतात. २५ ऑक्टोबर १९२१ रोजी मोठे हरिकेन टार्पन स्प्रिंग्जजवळ धडकले आणि खाडीचे पाणी टॅम्पा शहरात घुसले. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ इतके मोठे वादळ या खाडीवर थेट आलेले नाही. त्या वेळी हा परिसर लहान होता. आज येथे तीस लाखांहून अधिक लोक राहतात आणि पाण्याच्या कडेची जागा सर्वांत महाग आहे.

वादळाचा डोळा नेमका कुठे किनाऱ्याला लागतो यावर आमच्याकडे सगळे अवलंबून असते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात. पश्चिमेकडून येणाऱ्या वादळाचा डोळा खाडीच्या मुखाच्या उत्तरेला लागला, तर आमच्यावरचे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि सगळे पाणी खाडीत कोंबतात. तोच डोळा थोडा दक्षिणेला लागला, तर वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि खाडी चक्क रिकामी होते. २०१७ साली इर्मा वादळाच्या वेळी असेच झाले होते आणि खाडीचा उघडा पडलेला तळ पाहायला माणसे त्यात उतरली होती. गेलेले पाणी परत येते, त्यामुळे तसे उतरणे धोक्याचे असते. २०२२ साली इयन वादळाचा रोख आधी आमच्याकडे होता. नंतर ते उजवीकडे वळले आणि २८ सप्टेंबरला फोर्ट मायर्सच्या बाजूला आदळले. तिथे पाण्याने जो संहार केला तो कदाचित आमच्या वाट्याला आला असता. तिथल्या पुष्कळ लोकांनी टॅम्पाचे नाव ऐकून स्वतःला सुरक्षित मानले होते, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

या गैरसमजाचे मूळ त्या शंकूच्या वाचनात आहे. हरिकेन सेंटर वादळाच्या पुढील मार्गाचा जो पांढरा शंकू काढते, तो फक्त वादळाचे केंद्र कुठे असू शकेल एवढेच सांगतो. मागील पाच वर्षांतील अंदाजांच्या चुकांवरून त्याची रुंदी ठरते, आणि दर तीन वेळांपैकी साधारण दोन वेळा केंद्र त्या शंकूत राहते. म्हणजे तिसऱ्या वेळी ते शंकूबाहेर जाते. शिवाय वादळाचा पसारा किती मोठा आहे, पाणी कुठे चढेल, पाऊस किती पडेल, यांविषयी तो शंकू काहीही सांगत नाही. वादळाच्या १ ते ५ या श्रेणीही केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरतात. ताशी ११९ किलोमीटरला पहिली श्रेणी सुरू होते आणि २५२ किलोमीटरला पाचवी. पाण्याचा त्या आकड्यात कोठेही हिशोब नाही. पाण्यासाठी २०१७ पासून स्टॉर्म सर्जचा वेगळा इशारा दिला जातो, आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने आधी तो इशारा वाचावा, श्रेणी नंतर पाहावी.

हेलेन वादळाने हे आम्हाला फार कठोरपणे शिकवले. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलेनचा डोळा टॅम्पापासून शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, समुद्रातूनच उत्तरेला गेला आणि पेरी गावाजवळ चौथ्या श्रेणीत जमिनीवर आला. आमच्याकडे वाराही फारसा भयंकर नव्हता. परंतु वादळाचा पसारा प्रचंड होता आणि खाडीत सहा-सात फुटांपर्यंत पाणी चढले. सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्ससारख्या सखल वस्त्यांत घराघरांत कंबरेएवढे खारे पाणी शिरले. पिनेलास काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, दहाहून अधिक माणसे गेली, आणि ती सारी ज्यांना निघून जा असे सांगितले होते त्या भागांतली होती. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विद्युत गाड्यांनी पेट घेतल्याच्या घटनाही घडल्या. याउलट डेव्हिस आयलंड या अगदी पाण्याकाठच्या बेटावरील टॅम्पा जनरल हॉस्पिटल सुरू राहिले, कारण त्यांनी इमारतीभोवती उभारता येणारी पाणरोधक भिंत आधीच घेऊन ठेवली होती आणि ती वेळेवर उभी केली होती.

इथले आपत्ती व्यवस्थापनाचे लोक वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत : पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. फ्लोरिडाच्या बहुतेक किनारी काउंट्यांत प्रत्येक पत्त्याला ए ते ई यांपैकी एक अक्षर दिलेले असते, किंवा काहीच दिलेले नसते. ए म्हणजे सर्वांत आधी बाहेर पडायचे घर. हा इव्हॅक्युएशन झोन आणि विम्यासाठी असणारा पूररेषेचा झोन या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घर घेताना दलालाने सांगितलेले "तुमचे घर फ्लड झोनमध्ये नाही" हे वाक्य पहिल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. माझ्या ओळखीतील कितीतरी सुशिक्षित, चौकस मंडळींना आपल्या घराचे अक्षर ठाऊक नसते. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की ते अर्ध्या मिनिटात कळते. हे काम जूनमध्ये करावे आणि ते अक्षर घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनासुद्धा, पाठ असावे.

ज्यांचे अक्षर ए किंवा बी आहे त्यांनी आदेश येताच निघावे, याविषयी माझ्या मनात कसलीही शंका नाही. मात्र निघायचे म्हणजे थेट दुसऱ्या राज्यातील अटलांटा गाठायचे, हा जो समज आपल्या लोकांत रूढ झाला आहे, तो मला घातक वाटतो. पाण्याच्या टप्प्याबाहेर, चांगल्या बांधणीच्या घरात पोहोचणे एवढेच साधायचे असते, आणि त्यासाठी बहुधा वीस-तीस मैल पुरतात. २००५ साली रीटा वादळापूर्वी ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर आले. त्यांतल्या कितीतरी लोकांना निघण्याची गरजच नव्हती. रणरणत्या उन्हात गाड्या तासन्‌तास खोळंबल्या, उष्माघाताने माणसे गेली आणि डॅलसजवळ वृद्धाश्रमातील रहिवाशांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण दगावले. वादळाने घेतलेल्या बळींहून त्या पलायनात अधिक माणसे मरण पावली. आय-७५ या उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गावर ज्यांना खरोखर पोहोचायचे आहे त्यांची वाट, ज्यांना घरीच थांबता आले असते त्यांच्या गाड्या अडवतात, हे आपण सर्वांनी लक्षात घेतले पाहिजे.

आमचे घर न्यू टॅम्पात, समुद्रापासून बरेच आत आहे आणि त्याला कोणतेही अक्षर नाही. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडील होमस्टेड उद्ध्वस्त केल्यानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून ते राज्यभर लागू झाले. आमचे घर त्या नियमांनंतर बांधलेले आहे. म्हणून घरात आमचे ठरलेले होते की वादळ कोणत्याही श्रेणीचे असो, आम्ही इथेच थांबू आणि किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाला आमच्याकडे आणू. हेलेनच्या पाठोपाठ आलेल्या मिल्टन वादळाच्या वेळी या ठरावाची परीक्षा झाली.

हेलेनला दोन आठवडेही झाले नव्हते. सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांच्या कडेला भिजलेले सोफे, गाद्या, फ्रीज आणि भिंतींचे तुकडे यांचे ढीग तसेच पडून होते, आणि येणाऱ्या वाऱ्यात त्यातली प्रत्येक वस्तू उडून कोणाच्या तरी खिडकीवर आदळू शकली असती. ५ ऑक्टोबरला आखाताच्या पश्चिम भागात मिल्टन तयार झाले, ६ तारखेला त्याचे हरिकेन झाले आणि ७ तारखेला दुपारपर्यंत ते पाचव्या श्रेणीत पोहोचले. आखाताचे पाणी त्या वर्षी कमालीचे तापलेले होते. त्या संध्याकाळी वादळातील वाऱ्याचा वेग ताशी २८५ किलोमीटर होता. मायामीचे अनुभवी हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस यांना वायुदाब किती झपाट्याने घसरला आहे हे सांगताना थेट प्रक्षेपणात रडू आवरले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शांतपणे वादळांची माहिती दिली, त्याचा आवाज फुटलेला ऐकून मला जी भीती वाटली ती कोणत्याही नकाशाने वाटली नव्हती. टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांनी तर रिकाम्या करायच्या भागांत थांबाल तर मराल, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. खाडीत दहा ते पंधरा फूट पाणी चढेल असा अंदाज होता.

त्या वेळी माझे सासू-सासरे आमच्याकडे आलेले होते आणि देवघरात घट बसलेले होते. घटस्थापना ३ तारखेला झाली होती, म्हणजे वादळ येणार तो दिवस सातव्या माळेचा. अखंड दिवा तेवत ठेवायचा, घट जागचा हलवायचा नाही, आणि इकडे वादळाच्या रात्री घरात उघडी ज्योत ठेवू नये अशी स्पष्ट सूचना. मी सासूबाईंना हे कसे सांगावे या विवंचनेत होते. त्यांनीच विषय काढला. दापोली तालुक्यातील त्यांच्या माहेरच्या वाडीने ३ जून २०२० चे निसर्ग वादळ पाहिलेले आहे. त्या दिवशी कोकण किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे होते, म्हणजे इथल्या मापाने पहिल्या श्रेणीच्या उंबरठ्यावरचे, आणि तेवढ्याने पिढ्यांनी वाढवलेल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांवरची कौले व पत्रे उडाले. "देवी काही दिव्यात अडकलेली नाही गं," त्या म्हणाल्या, "कोणीतरी जागे आहे तोवर दिवा ठेवू, वारा घरात शिरला तर मी स्वतः शांत करीन." घट आतल्या भिंतीशी होता, त्यामुळे हलवावा लागला नाही. दिव्याभोवती काचेची चिमणी बसवली आणि त्याच्याजवळ पाण्याची बादली ठेवली.

शोअर एकर्समधले एक मराठी कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुले, मंगळवारी सकाळीच आमच्याकडे आले. हेलेनमध्ये त्यांचे तळमजल्यावरचे सगळे गेलेले होते. पहिल्या दिवशी त्यांच्याशी काय बोलावे हेच मला सुचत नव्हते, म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात शिरलो. इथली बहुतेक घरे विजेच्या शेगडीवर चालतात, त्यामुळे वीज गेली की चूल बंद. वीज आहे तोवर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपापडीच्या वड्या करून ठेवल्या. नवरात्राचा उपवास असल्यामुळे राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि साबुदाण्याचा चिवडा घरात मुबलक होता. शिजवावे लागत नाही, गारव्यात ठेवावे लागत नाही आणि पोटात बराच वेळ राहते, अशा वस्तूंची जी यादी येथील सरकारी पत्रकांत असते, ती आपल्या उपवासाच्या आणि प्रवासाच्या शिदोरीत आधीपासूनच आहे. डब्यातील सूप आणि पाकिटातल्या बिस्किटांसाठी रांगा लावण्याऐवजी आपल्या घरातील फडताळाकडे आधी पाहावे.

पाण्याचेही तसेच आहे. माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, आणि असे सात दिवसांचे पाणी साठवावे, असे सांगितले जाते. वादळाची बातमी येताच दुकानांतील बाटल्यांची फळी रिकामी होते आणि लोक हवालदिल होतात, पण त्याच वेळी घरातील नळाला स्वच्छ पाणी येतच असते. कोकणात किंवा पुण्याच्या जुन्या वाड्यात वाढलेल्या कोणालाही पाणी भरून ठेवणे शिकवावे लागू नये. घरातील पातेली, कुकर, डबे पिण्याच्या पाण्याने भरावेत, बाथटब शौचालयासाठी भरावा. फ्रीझरमध्ये जागा असेल तिथे पाण्याच्या पिशव्या गोठवाव्यात, कारण गच्च भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर वीज गेल्यावर साधारण ४८ तास गार राहतो. खालचा फ्रीज मात्र चार तासांत धोक्याचा होतो.

औषधांच्या बाबतीत मी अधिक आग्रही आहे, विशेषतः ज्यांच्याकडे भारतातून आई-वडील आलेले आहेत त्यांच्यासाठी. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार हरिकेनचा इशारा किंवा आणीबाणी जाहीर झाली की ठरल्या तारखेआधीही ३० दिवसांची औषधे भरून मिळतात. हे पुष्कळांना माहीत नसते. परंतु भारतातून आणलेल्या गोळ्यांना हा नियम उपयोगी पडत नाही, म्हणून मोठी माणसे येताना हंगामाचा विचार करून पुरेसा साठा आणि औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. वीज गेल्यानंतरचा उकाडा वृद्धांना वाऱ्याहून अधिक घातक ठरू शकतो. २०१७ साली इर्मा निघून गेल्यावर फ्लोरिडातल्याच हॉलिवूड या गावातील एका शुश्रूषागृहात वातानुकूलन बंद पडून १२ वृद्ध दगावले, आणि त्यानंतर राज्याने अशा संस्थांना जनरेटर सक्तीचा केला. घरी जनरेटर आणणाऱ्यांनी तो घरापासून किमान वीस फूट दूर, मोकळ्यावर चालवावा. गराजचे दार उघडे ठेवून आत चालवणेही जिवावर बेतते, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

पुण्याहून येणारे फोन हा त्या आठवड्यातील मोठा भाग होता. तिकडच्या वाहिन्यांवर पाचव्या श्रेणीचे चित्र आणि टॅम्पाचे नाव दिवसभर दाखवले जात होते, आणि माझ्या आईच्या जिवाची घालमेल मला समजत होती. हरिकेन सेंटरचे मुख्य पत्रक आमच्या पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता येते. मी तिला सांगितले की रात्री अकराचे पत्रक वाचून मी निरोप पाठवीन, तो तुला सकाळी साडेआठच्या सुमारास मिळेल, आणि बाकीच्यांना तूच कळव. फोनची बॅटरी आणि जाळे दोन्ही वाचवायचे असल्यामुळे घरटी एकच व्यक्ती तिकडच्या एकाच व्यक्तीशी बोलेल, हे आधी ठरलेले असणे फार उपयोगाचे ठरते.

९ ऑक्टोबरला रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन सारासोटाजवळ सिएस्टा की येथे तिसऱ्या श्रेणीत जमिनीवर आले, म्हणजे आमच्या खाडीच्या मुखापासून थोडे दक्षिणेला. टॅम्पा बेमधील पाणी चढण्याऐवजी ओसरले. परंतु त्याआधीच दुपारी पूर्व किनाऱ्यावर सेंट लूसी काउंटीत या वादळातून सुटलेल्या चक्रावातांनी (टोर्नेडोंनी) बळी घेतले होते, सेंट पीटर्सबर्गमधील ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉलच्या मैदानाचे छत वाऱ्याने फाडून काढले आणि त्या शहरावर एका रात्रीत अठरा इंचांच्या वर पाऊस कोसळला. राज्यभर तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, त्यात आम्हीही होतो. आतल्या बोळात गाद्या टाकून मुले झोपली, आम्ही मोठी माणसे पाळीपाळीने जागलो. पहाटेपर्यंत खिडक्या शाबूत होत्या आणि सासूबाईंचा दिवाही.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट सांगितली नाही तर माझे म्हणणे अपुरे राहील. घराला अक्षर नाही म्हणजे पाण्याचे भय नाही, असे समजू नये. वादळ गेल्यानंतरच्या दिवसांत हिल्सबरो आणि अलाफिया या नद्या पावसाच्या पाण्याने पात्राबाहेर आल्या, आणि उत्तर टॅम्पातील ज्या वस्त्यांनी कधी समुद्राचा विचार केला नव्हता त्यांत पाणी साचून राहिले. आमच्या रस्त्यापासून फार दूर नसलेल्या भागांत लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. घराचा नेहमीचा विमा या पाण्याची भरपाई देत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेतील विमा घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे नकाशावर वादळ दिसल्यावर तो घेऊन उपयोग नाही. अक्षर नसलेल्या घरांना तो पुष्कळदा स्वस्त पडतो, म्हणून मे महिन्यातच घ्यावा असे माझे सर्वांना सांगणे आहे. घराच्या विम्यातील हरिकेनचा स्वतंत्र वजावटीचा आकडाही त्याच वेळी पाहून ठेवावा. तो ठरावीक डॉलरमध्ये नसून बहुधा घराच्या विमा रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के असतो, आणि तेवढे पैसे आपल्याला स्वतः उभे करावे लागतात.

बाकीची कामे लवकर उरकणारी आहेत. प्रत्येक खोलीचे, कपाटांच्या आतले धरून, मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रे, ग्रीन कार्ड, जन्मदाखले आणि विम्याची कागदपत्रे पाणी न शिरणाऱ्या एका पिशवीत असावीत, कारण व्हिसावर असलेल्या माणसाला ती पुन्हा मिळवायला महिने लागतात. झाडांच्या धोकादायक फांद्या वसंतातच छाटाव्यात. वादळ दारात आल्यावर छाटलेल्या फांद्या कोणी उचलून नेत नाही आणि त्याच उडतात. गराजचे दार वाऱ्याच्या दाबाला टिकणारे आहे का हे एकदा तपासून घ्यावे, कारण ते आत दबले की वारा घरात शिरून छताला खालून उचलतो.

आमच्या ओळखीतील काही कुटुंबांनी मिल्टननंतर एक यादी केली आहे. ए आणि बी झोनमधील प्रत्येक घरापुढे आतल्या भागातील एका घराचे नाव आहे. किती माणसे, औषधे कोणती, कुत्रा-मांजर आहे का, कोणाला जिना चढता येत नाही, गाडी विजेवरची आहे का, हे सारे त्यात लिहिलेले आहे, आणि आदेश निघाला की विचारणा न करता थेट तिथे जायचे असे ठरले आहे. भारतातून नव्याने आलेले, भाड्याने राहणारे विद्यार्थी आणि तरुण जोडपी या यादीत फार थोडी आहेत, आणि स्वस्त भाड्यात मिळाले म्हणून सखल भागात घर घेतलेली तीच अधिक आहेत. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल तर त्यांचा पत्ता काउंटीच्या संकेतस्थळावर घालून आधी अक्षर पाहा आणि मग आम्हाला कळवा. न्यू टॅम्पा आणि वेस्ली चॅपलमधील काही घरांत अजून जागा आहे.